गॅलरीतल्या बाईची शिफारस

आमच्या प्रियाचं नाक चांगलं सरळ आहे, तरी तिच्या लग्नाला सतराशे विघ्नं का येतात हे मला कधी कळलं नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मी जुळवलेली लग्नं आता नातवंडांपर्यंत पोचली आहेत. कुठे वरातीचा बँड वाजला की लोक एकमेकांना विचारतात, "शकूआत्यानं जमवलं का?" आणि माझ्या सख्ख्या भावाची मुलगी मात्र घरातच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दोष मी तिच्या नोकरीला देत होते. कोंडाण्याच्या रस्त्याला पूर्वी भाताची गिरणी होती. ती मुंबईच्या एका बाईंनी विकत घेतली, आतली यंत्रं काढून खुर्च्या बसवल्या, समोर पडदा लावला आणि बाहेर 'कलाकेंद्र' अशी पाटी ठोकली. गावात अजून सगळे गिरणीच म्हणतात. प्रिया तिथली सगळी व्यवस्था बघते. कोणी विचारलं की माझी वहिनी सांगते, "पोरगी गिरणीत जाते," आणि समोरच्याला वाटतं मुलगी भात भरडते. अशानं स्थळं येणार कुठून?

या जानेवारीत तिथे इटालियन सिनेमांचा महोत्सव लागला. आठवडाभर रोज सिनेमे. प्रियानं ते सगळे आधीच बघून ठेवले होते आणि रोज सकाळी दारातल्या फळ्यावर ती खडूनं लिहायची : 'आज आवर्जून बघा', खाली एका सिनेमाचं नाव आणि दोन ओळी. आजूबाजूच्या फार्महाऊसवर सुट्टीला आलेले लोक तो फळा वाचून आत शिरत. पोरीचं अक्षर सुंदर आहे, माझ्यावर गेलंय.

एकदा मी तिला सरळ विचारलं, "तुला पायजे तरी काय गं? आलेल्या प्रत्येक पोराला नाय म्हणतेस."

ती म्हणाली, "आत्या, सिनेमा बघून घरी येते तवा डोक्यात नुसतं काय काय चाललेलं असतं. सांगू कोनाला? बाबा बातम्या लावून बसतात. आई म्हणते, हात धू नि जेव. मला बोलायला मानूस पायजे. बाकी सगळं तू बघशील तसं."

"बोलायला मी हाय की."

"तू बोलतेस गं. ऐकत नाय."

मला राग आला, पण घरचं माणूस म्हणून गिळला. आलेल्या मुलांचं मात्र खरं होतं. एकानं पहिल्याच भेटीत सांगितलं, लग्नानंतर असले नाद बंद. दुसरा मोबाईलवर सिनेमाची गोष्ट वाचून आला आणि पाठ केल्यासारखी म्हणून दाखवली. शेवट त्यानं भलत्याच सिनेमाचा सांगितला. तेव्हापासून प्रियानं एक अट घातली. पदर सावरून, ट्रे घेऊन ती कोणापुढे बसणार नाही. मुलानं गिरणीत यायचं, एक सिनेमा पूर्ण बघायचा, मग ती एक प्रश्न विचारणार. बस्स.

खालापूरहून रूपेशचं स्थळ आलं तेव्हा मी ठरवलं की हे हातचं जाऊ द्यायचं नाही. मुलगा खोपोलीकडे कारखान्यात कामाला, घरची भाताची जमीन, बापाचा टेंपो. दिसायला बरा, बोलायला कमी. मी त्यांना प्रियाची अट सांगितली, तर ते हसले आणि हो म्हणाले. म्हटलं, देव पावला.

आता प्रश्न उरला सिनेमाचा. बघण्याच्या कार्यक्रमाला कसलाही सिनेमा कसा चालेल? मी प्रियाला म्हटलं, "सगळ्यांच्या गोष्टी सांग, निवडणार मी."

तिनं मुकाट्यानं सांगितल्या. पहिल्या सिनेमात एक म्हातारा बसची वाट बघतो आणि बस येत नाही. हे बघायला तिकीट कशाला काढायचं, कशेळ्याच्या स्टँडवर उभं राहिलं की झालं. दुसऱ्यात दोन बहिणी बापाच्या घरावरून भांडतात. नको, एवढं तर तहसील कचेरीच्या ओट्यावरही ऐकू येतं, आणि शुभ प्रसंगी वाटण्यांचं नाव कशाला? तिसऱ्यात एक पाद्री उतारवयात सायकल शिकतो. चौथ्याबद्दल ती म्हणाली, "यात थोडं दाखवलंय." मी पुढचं विचारलंच नाही.

मग मला भिंतीवर एक चित्र दिसलं. म्हातारा शिंपी मशीनवर बसलाय आणि त्याच्या मांडीवर लग्नाचा पांढराशुभ्र झगा. नाव 'अर्धा झगा'.

"हा," मी म्हटलं. "ह्याच्यात लगीन हाय. हाच."

"नक्की?" प्रिया म्हणाली आणि ओठ दाबून हसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिची समजूत होती की मुलगा एकटा येईल. पण मुलगी बघायला एकटा कोण जातो? आमच्यात तशी पद्धत नाही. एकटा गेला तर लोक म्हणतील, पोराला कोणी वाली नाही. शनिवारी दुपारी टेंपो गिरणीपाशी थांबला आणि त्यातून रूपेश, त्याचे वडील नवनाथ, थोरले चुलते नागूकाका आणि सगळ्यात मागून, साडी सावरत, त्याची आई उतरली. मी पोह्यांचा मोठा डबा घेऊन दारात उभीच होते. प्रियानं एकदा टेंपोकडे बघितलं, एकदा डब्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

आत पाटी होती : खाद्यपदार्थ आणू नयेत. पण पोह्यांशिवाय बघण्याचा कार्यक्रम म्हणजे काय? अंधार झाल्या झाल्या मी ताटल्या पुढे सरकवल्या. समोर इटलीतलं बंदराचं गाव, मागे समुद्र, आणि सगळ्या हॉलमध्ये कढीपत्ता नि मोहरीचा वास. पुढच्या रांगेतले फार्महाऊसवाले वळून वळून बघत होते. त्यातल्या एकानं हळूच ताटली मागून घेतली, हेही सांगायला हवं.

सिनेमा सुरू झाला आणि मला घाम फुटू लागला. शिंपी आपल्या लेकीच्या लग्नाचा झगा शिवत असतो. झगा अर्धा होतो न होतो तोच लेक घर सोडून निघून जाते. कुठे गेली, का गेली, काही सांगत नाहीत. म्हातारा खिडकीत मशीनवर बसून राहतो. वर्षं जातात, त्याचे केस पिकतात, झगा अर्धाच. शुभ सिनेमा निवडला होता मी! बोलणं सगळं इटालियनमध्ये, खाली अक्षरं इंग्रजीत, आणि ती वाचायच्या आत पळत होती. नागूकाका जमिनीच्या दलालीत मुरलेला माणूस. दर थोड्या वेळानं ते नवनाथरावांना कुजबुजत सांगायचे, "समुद्राच्या समोर हाय, हा प्लॉट लाखात एक." नवनाथराव मान हलवायचे. रूपेशकडे बघितलं तर तो चुलत्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेला. नुसता झोपलेला नाही, घोरतही होता. शेवटी म्हाताऱ्यानं तो झगा मांडीवर पसरला आणि त्यावर हात फिरवत बसला, तेव्हा मीही डोळे पुसले. थोडे लग्नासाठी पुसले, थोडे त्या म्हाताऱ्यासाठी.

दिवे लागले. बाहेरच्या अंगणात खुर्च्या मांडून आम्ही बसलो. प्रिया समोर आली आणि तिनं तिचा एकमेव प्रश्न विचारला, "सिनेमातलं कोण आवडलं, आणि का?"

प्रश्न मुलाला होता, पण पद्धतीप्रमाणे आधी वडीलधारे बोलले. नागूकाका म्हणाले, "मानसं ठीक हायत, पन गाव झकास. एक पन फायटिंग नाय, तेवढंच." नवनाथराव म्हणाले, "तो शिंपी. मेहनती मानूस." मग सगळ्यांनी रूपेशकडे बघितलं.

तो उठून उभा राहिला, शाळेत उभं राहतात तसा. "मी झोपलो होतो," तो म्हणाला. "रातपाळी करून आलो. सुरवातीला म्हातारा सुईत दोरा घालतो, तिथवर बगितलं. खोटं कशाला सांगू?"

मी कपाळावर हात मारला. मनात म्हटलं, संपलं. प्रियाचा चेहरा पडला. तो तसा का पडला हे मला ठाऊक होतं, म्हणून मलाही वाईट वाटलं. तिला नुसता नवरा नको होता, आणि या मुलाबद्दल तिला थोडी तरी आशा वाटली होती.

एवढ्यात तिचं लक्ष रूपेशच्या आईकडे गेलं. बाई खुर्चीत बसलीच नव्हती. सगळ्यांच्या ताटल्या गोळा करून ती नळाकडे निघाली होती. प्रिया म्हणाली, "आणि काकू, तुम्हाला कोण आवडलं?"

बाईनं मागे वळून बघितलं, पाठीमागे दुसरी कोणी काकू आहे की काय म्हणून. "मना इचारतेस?" ती म्हणाली. "मना त्यातली गोष्ट काय सगळी नाय समजली गं. ती वाचायची अक्षरं पन येत नायत. पन ती बाई लई आवडली. पिक्चर तिचाच हाय ना?"

"कोणती बाई? शिंप्याची मुलगी?"

"नाय गं. ती वरच्या गॅलरीतली. कपडे वाळत घालनारी."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. कसली गॅलरी आणि कसली बाई?

"शिंप्याच्या मागं, वर, गॅलरी नाय का?" ती ताटल्या खाली ठेवत म्हणाली. "आदी ती लंगोट वाळत घालते. मंग बारकी चड्डी, शाळेची. मंग मोट्या पोराचा शर्ट. तवर शिंप्याचे केस काळेच हायत. मंग एक दिवस दोरीवर एकटीचंच लुगडं... म्हंजे त्यांचा झगा. पोरगं गेलं तिचं कुठंतरी. लई दिवस एकटीचंच. मी म्हटलं आता हिचं काय व्हनार? मना तर तो खालचा म्हातारा मधी मधी यायचा त्याचा राग येत होता. आन शेवटाला परत दोरीवर मोटा शर्ट! आलं पोरगं! तवा कुठं माजा जीव खाली पडला. चांगला शेवट केलाय."

प्रिया हसायला लागली. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसता हसता थांबली. "काकू, हा सिनेमा मी कितीतरी वेळा बघितलाय. शेवटाला म्हातारा झग्यावर हात फिरवतो तिथं दर वेळेला रडलेय. वर कधी बघितलंच नाही. तुम्ही तिच्याकडंच का बघत राहिलात?"

"ती आमच्यातली ना," बाई म्हणाली. "आमच्या बाजूला शूटिंगं चालतात. गाडी येते, बायकामानसं भरून नेते. गर्दीचं काम. मी राजाच्या लग्नात फुलं टाकलीत, लढाईत मेलेय, बाजारात भाजी इकलीय. सांगतात, कॅमेऱ्याकडं बगायचं नाय, हिरोकडं बगायचं नाय, आपलं काम करीत रहायचं. ही तसंच करीत होती. एकदा पन खाली बगितलं नाय तिनं. लई नेकीनं काम केलंन."

"मग तुमचे सिनेमे बघितलेत तुम्ही?"

"नाय गं. आज पयलांदा बसून आख्खा बगितला. घरी टीवी लागला की मी चुलीपाशी. आज उटायला काय कामच नव्हतं."

रूपेश आईकडे बघत उभा होता. "आई, हे सगळं मना कवा सांगितलं नायस?"

"तू कवा जागा असतोस?" ती म्हणाली, आणि ताटल्या घेऊन नळाकडे गेली.

नवनाथराव खोकले. नागूकाकांनी "कळवा" असं म्हटलं, म्हणजे गोड शब्दांत नकार; या शब्दाचा अर्थ लग्न जमवणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगायला लागत नाही. टेंपो गेला. प्रिया आत निघून गेली. घरी जाताना मी तिला खूप बोलले. एवढ्या चांगल्या लोकांपुढे पोराला शाळेतल्यासारखं उभं केलंस, हेही म्हटलं. ती भराभर पुढे चालत राहिली. माझा असा समज झाला की तिच्या मनातून ते स्थळ उतरलं.

रविवारी सकाळी माझा राग पुरता गेला नव्हता. चार शब्द आणखी सुनवावेत म्हणून मी गिरणीवर गेले. पोह्यांचा डबा सवयीनं बरोबर घेतला होता. दारात फार्महाऊसवाल्यांचा घोळका फळ्यापुढे उभा राहून हसत होता. मी चष्मा लावला. प्रियाच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं :

आज आवर्जून बघा : अर्धा झगा.
शिंप्याकडे बघू नका. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडे बघा.
शिफारस : चिंधीताई, खालापूर.

मला आधी कळेना, या चिंधीताई कोण. मग लक्षात आलं, आणि लाज वाटली. स्थळ मी आणलं, घराण्याची सगळी माहिती मी काढली, जमीन, टेंपो, नाती, आणि मुलाच्या आईचं नाव काही मी विचारलं नव्हतं. प्रियानं ते कधी विचारलं कोण जाणे.

तेवढ्यात रूपेशची मोटारसायकल आली, मागे आई. त्याचे डोळे लाल झालेले. रातपाळीवरून घरी गेला होता आणि झोपायचं सोडून आईला घेऊन आला होता. "काल रातपाळीला निघालो तवा म्हणाली, ती बाई परत बगायची हाय," तो मला म्हणाला. "म्हटलं, चल." फळ्यापाशी येऊन तो थांबला, आणि मोठ्यानं वाचू लागला. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज हळू झाला.

"परत वाच," आई म्हणाली.

त्यानं परत वाचलं. मग तिनं स्वतः बोट न लावता, लांबूनच, एकेक अक्षर जुळवत आपलं नाव वाचलं. एवढ्या सिनेमांत काम केलं, पण ते कुठे लिहिलेलं तिनं बघितलं नव्हतं. मी चष्मा काढून पदरानं पुसला, आणि हे मी कोणापासून लपवलं नाही.

"पोरी, खोडून टाक गं," ती दारात आलेल्या प्रियाला म्हणाली. "लोक हसतील."

"हसू दे. हसले तरी बघतील," प्रिया म्हणाली.

आणि लोकांनी बघितलं. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वर. शिंप्याची लेक घर सोडून गेली तरी कोणाला पत्ता नाही, आणि दोरीवर शाळेची चड्डी आली की एकच खसखस. शेवटाला वरच्या दोरीवर तो मोठा पांढरा कपडा वाऱ्यावर हलला तेव्हा मागून कोणीतरी टाळी वाजवली. मी शेजारच्या रांगेतून रूपेशकडे नजर ठेवून होते. तो खुर्चीच्या पुढच्या टोकावर बसला होता, टक्क जागा.

सिनेमा सुटला आणि बाहेर येईपर्यंत त्यांचं सुरूही झालं.

"आई, ती चादर हाय."

"चादरीला बाह्या असतात काय रं?"

"मला एकच बाही दिसली," प्रिया म्हणाली.

"एक वाऱ्यानं मागं गेली. डोळं उघडं ठेवून बगा की."

"आणि शर्ट असला तरी पोराचाच कशावरून?" रूपेश म्हणाला. "तिनं दुसरं लगीन केलं असंल."

"दुसरं लग्न?" प्रिया रस्त्यातच थांबली. "मग आधीचे ते सगळे एकटीचे झगे कशाला दाखवले असते?"

"म्हनूनच दाखवले. एकटी होती, म्हनून तर केलं."

"अहो, पण..."

कधी आई मुलाची बाजू घेई, कधी प्रियाची, आणि कोणीच कोणाचं पटवून घेईना. मी डबा धरून मागे मागे चालत होते. मलाही सांगायचं होतं. माझं स्वतःचं स्पष्ट मत होतं की तो शर्ट शिंप्यानं शिवून दिलेला आहे, बिचाऱ्याच्या हातून काहीतरी पुरं झालेलं दाखवलंय. तोंड उघडलं होतं मी. पण प्रियाचा चेहरा बघितला आणि मिटलं. असा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. मग मी नुसती ऐकत राहिले, आणि ऐकत राहायला इतकं बरं वाटतं हे मला या वयात कळलं.

फाटकापाशी ती मागे सरकून माझ्या कानाशी आली.

"आत्या," ती म्हणाली, "जमव."

"आन झोपतो त्याचं काय?"

"काकू नि मी, दोघी मिळून जागा ठेवू," असं म्हणून ती परत पुढे पळाली, कारण तिकडे रूपेश ठासून सांगत होता की ती चादरच आहे, आणि चिंधीताई त्याला पटवायला स्वतःच्या पदराची बाही करून दाखवत होती. मी डबा उघडून पुढे केला. पोहे गार झाले होते, पण बोलणं सोडून ते खायला कोणाला सवड नव्हती.